गार्ड घडवायचे तर आधी मिनिटं मोजा

सोलापुरातून बझरबीटर हा ऑनलाइन बास्केटबॉल गेम खेळणारे आपण मोजकेच. पण शुक्रवारी ट्रेनिंग झालं की प्रश्न ठरलेला असतो: पोरगा अठरा वर्षांचा, उंचीला बुटका, ट्रेनरवर पैसा ओतलाय, तरी पॉप का नाही, म्हणजे स्किल एक पायरी वर का चढत नाही? बहुतेक वेळा दोष पोराचा नसतो आणि ट्रेनरचाही नसतो. ट्रेनिंगच्या पानावर त्याच्या नावापुढे मिनिटांच्या रकान्यात ४१ किंवा ३८ असा आकडा असतो आणि आपण तो बघितलेलाच नसतो. गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू हाताळणारा खेळाडू, घडवणं म्हणजे निम्म्याहून जास्त मिनिटांचा हिशोब आहे. हे पोस्ट त्या हिशोबाबद्दल आणि त्यानंतर येणाऱ्या चार गोष्टींबद्दल आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. बझरबीटर हा २००७ पासून चालू असलेला, ब्राउझरमध्ये खेळायचा, फुकट खेळता येणारा बास्केटबॉल मॅनेजर गेम आहे. चेंडू आपल्या हातात नसतो. आपण संघ लावायचा, डावपेच निवडायचे, खेळाडू विकत घ्यायचे आणि आठवड्याला एक ट्रेनिंग निवडायचं. सीझन १४ आठवड्यांचा, म्हणजे सीझनला १४ ट्रेनिंग. १८ वर्षांचा पोरगा सीझनच्या सुरुवातीला घेतला आणि २१ वर्षांचा सीझन संपेपर्यंत ठेवला, तर चार सीझनमध्ये ५६ ट्रेनिंग हाताशी येतात. वय वाढेल तसा ट्रेनिंगचा वेग उतरतो, त्यामुळे या ५६ मधली पहिली २८ सोन्याच्या मोलाची. त्यातला एक आठवडा वाया गेला तर तो पुन्हा मिळत नाही. म्हणून एवढा आटापिटा.

आता हिशोब. पूर्ण ट्रेनिंग मिळायला खेळाडूने त्या आठवड्यात ट्रेनिंगच्या जागेवर, म्हणजे ज्या पोझिशनसाठी ट्रेनिंग लावलंय तिथे, ४८ मिनिटं खेळलेली असली पाहिजेत. सामनाही ४८ मिनिटांचाच. आठवड्यात दोन लीग सामने आणि एक कप किंवा सराव सामना, म्हणजे एका जागेची एकूण १४४ मिनिटं. फक्त पॉइंट गार्डच्या जागेवर ट्रेनिंग लावलं तर तीन खेळाडू पूर्ण भरतात. पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड अशा दोन जागांवर लावलं तर २८८ मिनिटं, म्हणजे सहा खेळाडू. जागा वाढवाल तसा प्रत्येकाच्या वाट्याचा फायदा कमी होतो. एका जागेचं ट्रेनिंग सगळ्यात कडक, दोन जागांचं त्याहून सौम्य, अख्ख्या संघाचं तर पाण्यासारखं पातळ. अर्थात प्रत्येक प्रकाराला एका जागेचा पर्याय असतोच असं नाही, यादीत काय दिसतंय ते बघून ठरवायचं.

इथे सगळ्यांची पहिली चूक होते. २८८ भागिले ४८ बरोबर सहा, म्हणून सहा पोरं घेतली जातात. कागदावर हे बरोबर आहे, पण बाकी शून्य उरते. एक जण फाउल होऊन बाहेर गेला, एकाला दुखापत झाली, एका सामन्यात कोचने मनाने बदली केली, की सहावा अर्धवट राहिलाच. आमचं मत स्पष्ट आहे: दोन जागांच्या ट्रेनिंगला पाच पोरं ठेवा. सहाव्याची ४८ मिनिटं ही भरपाईची शिल्लक समजा. ज्या आठवड्यात काहीच बिघडलं नाही, त्या आठवड्यात ती मिनिटं संघातल्या सगळ्यात चांगल्या गार्डला द्या आणि सामना जिंका.

एका आठवड्याची मांडणी जवळून बघू. पोरं पाच: अ, ब, क, ड, ई. अ आणि ब सगळ्यात लहान आणि कच्चे. क मधला, पण हात चालवणारा, म्हणजे फाउल जास्त करणारा. ड आणि ई त्यातल्या त्यात तयार. आठवड्याचा पहिला सामना लीगचा आणि समोर कमकुवत संघ आहे असं धरू. तिथे क पॉइंट गार्डला, अ शूटिंग गार्डला. दुसऱ्या सामन्यात ब एका जागेवर पूर्ण ४८ आणि दुसऱ्या जागेवर ड. शेवटच्या सामन्यात तगडा संघ समोर असेल तर ई एका जागेवर, आणि दुसरी जागा मोकळी, म्हणजे त्या दिवशीचा तुमचा हुकमी गार्ड किंवा भरपाई. क ला पहिल्याच सामन्यात का टाकलं? तो ४० व्या मिनिटाला फाउल होऊन बाहेर गेला तरी पुढचे दोन सामने शिल्लक आहेत. शेवटच्या सामन्यात त्याला बॅकअपला लावून उरलेली आठ मिनिटं काढता येतात. हाच क शेवटच्या सामन्यात बाहेर गेला असता तर दुरुस्तीला जागाच नव्हती. फाउल करणारा पोरगा आठवड्याच्या तोंडाशी, सभ्य पोरगा शेवटी. एवढा एक नियम पाळला तरी सीझनभरात फरक दिसतो.

ज्याला ४८ द्यायची आहेत त्याला डेप्थ चार्टमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर कोण खेळणार त्या तक्त्यात, त्याच जागेवर स्टार्टर, बॅकअप आणि रिझर्व्ह अशा तिन्ही ठिकाणी लावा. बॅकअपचा रकाना रिकामा सोडणं म्हणजे तीच गोष्ट नव्हे. रिकामा सोडला की कोच बाकावरचा त्याला योग्य वाटेल तो माणूस उचलतो. बदल्या कोचवर सोडायच्या की डेप्थ चार्ट काटेकोर पाळायचा, तो पर्यायही संघ लावतानाच तपासा. कोचवर सोडलं आणि पोरगा दमला किंवा त्याचे फाउल वाढले, की त्याला बसवलं जातं. सामना जिंकायला ते ठीक, ट्रेनिंगला घातक.

२४-२४ मिनिटांची वाटणी करू नका. स्टार्टर एक आणि बॅकअप दुसरा लावला की दोघांना निम्मी निम्मी मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात ३१-१७ मिळतात, कधी ३५-१३. मग दोन सामन्यांची बेरीज करून एकाचे ६२ आणि दुसऱ्याचे ३४ होतात. बासष्टवाल्याची वरची चौदा मिनिटं ट्रेनिंगच्या दृष्टीने वाया, चौतीसवाला उपाशी. एक पोरगा, एक सामना, एक जागा ही साधी पद्धत सगळ्यात भरवशाची. ज्याचं काही चुकलं त्याच्यापुरतीच जोडणी करायची.

एकतर्फी सामना हा आणखी एक चोर. तुम्ही तीसने पुढे असा किंवा तीसने मागे, चौथ्या क्वार्टरमध्ये कोच मुख्य खेळाडूंना बसवून बाकावरच्यांना सोडू शकतो. म्हणून फार कमकुवत किंवा फार तगड्या संघाशी सराव सामना ठरवू नका. जवळपास तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी शोधा. आणि कपमधून बाहेर पडलात की त्याच दिवशी पुढच्या आठवड्यांचे सराव सामने ठरवून टाका. कप गेला हे लक्षात राहतं, पण आठवड्याचा तिसरा सामना गेला हे विसरलं जातं. एक सामना गेला म्हणजे दोन गार्ड जागांची ९६ मिनिटं गेली, म्हणजे दोन पोरांचा अख्खा आठवडा. सीझनचे २२ लीग सामने संपल्यावर प्लेऑफमध्ये नसलात तरी हीच काळजी घ्यायची.

मिनिटं जास्त झाली तर? त्याचा मार फॉर्मवर, म्हणजे गेममध्ये ज्याला गेम शेप म्हणतात त्यावर बसतो. आठवड्याला पन्नास ते सत्तरच्या आसपास मिनिटं मिळाली की फॉर्म चांगला राहतो. ९६ मिनिटं दामटलं की उतरतो, आणि नुसतं बाकावर बसवलं तरी उतरतो. ४८ हा ट्रेनिंगचा आकडा फॉर्मच्या खालच्या टोकाला बसतो. म्हणून ज्या गार्डवर तुमचे सामने अवलंबून आहेत, त्याला ४८ च्या वर दहा-बारा मिनिटं दिली तर काही बिघडत नाही. ती मिनिटं त्याला गार्डऐवजी स्मॉल फॉरवर्डच्या जागेवर दिली तर गार्डच्या जागा इतरांना मोकळ्या राहतात.

आता पोरगा निवडण्याकडे. गार्डची स्किल बुटक्याला लवकर येतात, आतली, म्हणजे बास्केटजवळची, स्किल उंचाला. गार्ड घेताना सहा फूट दोन इंचाच्या आतला घ्या. अगदीच बुटका मिळाला तर पासिंग आणि हँडलिंग भराभर चढतं, पण त्याला पुढे थोडा इनसाइड डिफेन्स द्यायचा म्हटलं की वर्षं जातात. आमचा कल पाच फूट अकरा ते सहा फूट दोन या पट्ट्याकडे असतो. बाजारात बोली लावताना लोक वय आणि पोटेन्शियल, म्हणजे पोरगा किती वर जाऊ शकतो ते, बघतात आणि उंची बघायची राहते. मग सहा फूट सहाचा शूटिंग गार्ड गळ्यात पडतो आणि त्याचा आउटसाइड डिफेन्स हलता हलत नाही.

पोटेन्शियलचे १२ टप्पे आहेत. अनाउन्सरपासून सुरू होऊन बेंच वॉर्मर, रोल प्लेयर, सिक्स्थ मॅन, स्टार्टर, स्टार, ऑलस्टार, पेरेनियल ऑलस्टार, सुपरस्टार, एमव्हीपी, हॉल ऑफ फेमर आणि शेवटी ऑलटाइम ग्रेट. टप्पा जितका वरचा तितकं छत उंच. छताला डोकं लागलं की ट्रेनिंग एकदम मंदावतं. पण खालच्या डिव्हिजनमधल्या माणसाने एमव्हीपीच्या मागे लागू नये. त्याची किंमत आधीच छातीत धडकी भरवते, आणि तो खरोखर घडला तर पगार तुमच्या तिकीट उत्पन्नाला झेपत नाही. ऑलस्टार किंवा पेरेनियल ऑलस्टार, अठराचा, हँडलिंग आणि जंप शॉट आधीच सहा-सातवर असलेला गार्ड हा आपल्यासारख्यांसाठी योग्य माल. स्किल गेममध्ये शब्दांत दिसतात, पण डोक्यात आकडे ठेवा: मीडिऑकर म्हणजे ५, रिस्पेक्टेबल ७, प्रॉमिनंट १०, लेजंडरी २०.

ट्रेनिंगचा क्रम हा सगळ्यात वादाचा मुद्दा. आधी एक गोष्ट कळली पाहिजे: स्किल एकमेकांना ओढतात. एखादं स्किल त्याच्या जोडीदार स्किलच्या फार पुढे गेलं की त्याचा वेग मरतो, आणि जोडीदार वर असतील तर मागे पडलेलं लवकर चढतं. खेळणारे याला इलॅस्टिक इफेक्ट म्हणतात. सोलापूरकराला हे मागावरून लगेच कळेल. ताणा विरळ असेल तर बाणा कितीही ठोका, चादरीला अंग येत नाही. जंप शॉट ५ वर ठेवून जंप रेंज, म्हणजे लांबून शॉट मारायचं स्किल, १० कडे ढकलणारा मॅनेजर तेच करत असतो. पासिंगचंही तसंच. हँडलिंग आणि ड्रायव्हिंग (चेंडू घेऊन आत घुसणं) खाली ठेवून नुसतं पासिंग ताणलं की आठवडेच्या आठवडे पॉपविना जातात.

म्हणून पहिल्या सीझनला आम्ही वन-ऑन-वन या ट्रेनिंगला धरून चालतो. गार्डसाठी लावलेल्या वन-ऑन-वनमध्ये हँडलिंग, ड्रायव्हिंग आणि जंप शॉट तिन्ही एकत्र सरकतात. दिसायला फार चमकदार नसतं, कारण पॉप विखुरलेले येतात, आणि या काळात पोरगा सामन्यात फारसं काही करूनही दाखवत नाही. पण पुढच्या सगळ्या ट्रेनिंगचा ताणा इथेच भरला जातो. अठराव्या वर्षाचा वेग या तीन स्किलवर एकदम खर्च करण्यासारखा दुसरा सौदा नाही.

त्यानंतर प्रेशर, म्हणजे आउटसाइड डिफेन्सचं ट्रेनिंग. गार्डचं हे एक स्किल असं आहे की ते नसेल तर बाकीच्याला अर्थ राहत नाही. समोरच्या गार्डचे शॉट अवघड होतात, त्याचे पास बिघडतात. हे चढायला वेळ घेतं आणि कंटाळा आणतं. तीन आठवडे काहीच हललं नाही की माणूस ट्रेनिंग बदलतो, आणि तिथेच चुकतो. स्किलच्या पोटात अपूर्णांक साचत असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. पॉप दिसला नाही म्हणजे काही झालं नाही असं नव्हे. पुढच्याच आठवड्यात उडणारा पॉप सोडून तुम्ही दुसरीकडे गेलेले असू शकता. अर्थात साचलेलं वाया जात नाही, पण संघाला त्या काळात डिफेन्सचा जो फायदा झाला असता तो जातो.

पासिंग तिसऱ्या टप्प्यात, आणि तेही एका जागेवर. इथपर्यंत पाच पोरांमधून कोण खरा पॉइंट गार्ड आणि कोण शूटिंग गार्ड हे कळलेलं असतं. दोन-तीन निवडा, बाकीचे विका. तीन सामने, तीन पोरं, प्रत्येकी एक सामना. इथेही शिल्लक शून्य आहे, म्हणून दोनच ठेवले तर आणखी बरं. जंप रेंज सगळ्यात शेवटी. जंप शॉट वर गेलेला असला की ते भराभर चढतं, आणि वय २१-२२ झालं तरी तेवढी झळ बसत नाही. ज्यांना शूटिंग गार्ड लवकर खेळवायचा असतो ते जंप रेंज आधी करतात. त्यांना दोन सीझन चांगले स्कोअर दिसतात आणि मग पोरगा डिफेन्समध्ये उघडा पडतो.

किती कशात घालायचं हे तुम्ही कोणता अटॅक खेळता त्यावर ठरवा. लो पोस्ट किंवा लुक इनसाइड खेळत असाल तर चेंडू आत पोचवणारा पॉइंट गार्ड हवा. पासिंग, हँडलिंग, आउटसाइड डिफेन्स एवढं भक्कम करा, जंप रेंजवर आठवडे घालू नका. मोशन किंवा रन अँड गन खेळत असाल तर दोन्ही गार्डना जंप शॉट आणि रेंज लागते. सीझनच्या मध्यात डावपेच बदलणाऱ्याचे गार्ड कधीच पूर्ण होत नाहीत.

पगाराची एक गंमत मात्र गार्डवाल्यांच्या बाजूची आहे. खेळाडूचा पगार त्याच्या सगळ्यात चांगल्या जागेच्या स्किलवरून ठरतो. गार्डला थोडा इनसाइड डिफेन्स किंवा इनसाइड शॉट दिला तर पगारात फारसा फरक पडत नाही, पण समोरचा गार्ड आत घुसला की तो उपयोगी येतो. हे करायचं असेल तर १८-१९ वयातच करा. त्यासाठी त्याला आतल्या जागेवर खेळवावं लागतं, आणि तुमचा सहा फुटी पोरगा सेंटरला उभा राहिला की सामना हातचा जातो. म्हणून हे आठवडे सराव सामन्यावर भागवा आणि फार हाव धरू नका.

पगार बदलतो तो सीझन बदलतानाच. सीझनभर पोरगा कितीही चढला तरी त्याचा पगार तोच राहतो. ज्याला विकायचंय त्याच्याबद्दल सीझनच्या शेवटच्या आठवड्यांत निर्णय घ्या. नव्या पगाराचा बोजा एकदा अंगावर पडला की घाईत विकायची वेळ येते, आणि घाईत कधी चांगला भाव येत नाही. ट्रेनरचंही लक्षात ठेवा. वरच्या लेव्हलचा ट्रेनर लागतोच, पण त्याचा पगार आठवड्यागणिक चढत जातो. एका टप्प्यानंतर त्याच लेव्हलचा नवा माणूस घेणं स्वस्त पडतं. दर सीझनला एकदा बाजारात चौकशी करा.

स्टॅमिना आणि फ्री थ्रोचं ट्रेनिंग अख्ख्या संघाचं होतं, तिथे जागेचा प्रश्न येत नाही. एखाद्या आठवड्यात सगळ्या मिनिटांचा विचका झालाच, दोघं जखमी आणि एक फाउल होऊन बाहेर, तर शुक्रवारच्या आधी ट्रेनिंग बदलून तो आठवडा स्टॅमिनावर काढणं शहाणपणाचं. अर्धवट भरलेल्या प्रेशरपेक्षा ते परवडतं. म्हणून गुरुवारी रात्री मिनिटांचा रकाना बघायची सवय लावून घ्या. ही पाच मिनिटांची तपासणी बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त पॉप मिळवून देते.

आपल्याकडच्या दिवसांचाही विचार करा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागली की संक्रांतीच्या आगेमागे चार-पाच दिवस कुणी फोनवर संघ लावत बसत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, होम मैदानावरची गर्दी, त्यात लाइनअपची आठवण कुणाला? आषाढीला घरी पंढरपूरचे पाहुणे असले की तेच. अशा आठवड्याच्या आदल्या रविवारी तिन्ही सामन्यांचे संघ एकदम लावून ठेवा. नाहीतर जुनीच लाइनअप पुढे जाते आणि एकाच पोराला तीन सामन्यांत मिळून १४४ मिनिटं मिळतात. चार जण उपाशी आणि पाचव्याचा फॉर्म खलास. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की वीज जाते, तेव्हा सामन्याच्या आधी शेवटच्या तासात संघ लावण्यावर भिस्त ठेवू नका.

आणि एक वही करा. मोबाइलमध्ये नाही, साधी शंभर पानी. प्रत्येक पोराला एक पान. शुक्रवारची तारीख, त्या आठवड्याचं ट्रेनिंग, त्या जागेवरची मिनिटं, पॉप झाला का. दोन पॉपमध्ये किती पूर्ण आठवडे गेले हे पानावर दिसलं की पुढचा पॉप कधी येईल याचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येतो. दुसऱ्याच्या पोराचा वेग आपल्या पोराला लावू नका. त्याची उंची वेगळी, ट्रेनर वेगळा, जोडीदार स्किल वेगळी. ज्या आठवड्यात ४८ भरली नाहीत त्या ओळीला लाल शाईने खूण करा. सीझन संपल्यावर १४ ओळींमध्ये किती लाल आहेत ते मोजा आणि तो आकडा बघूनच पुढच्या सीझनला किती पोरं ठेवायची ते ठरवा.